कॅश प्लगइन आणि संकेतस्थळाची वेगसुधारणा

वर्डप्रेससारख्या प्रणालीवर चालणाऱ्या संकेतस्थळाचे पान एकदा तयार झाले की त्याची प्रत राखून ठेवायची आणि पुढच्या वाचकाला तीच द्यायची, एवढे काम करणाऱ्या जोडप्रणालीला कॅश प्लगइन म्हणतात. वेगसुधारणेचा आवाका याहून मोठा आहे. वाचकाने दुवा दाबल्यापासून पान डोळ्यांसमोर येऊन बोटाला प्रतिसाद देईपर्यंत जिथे जिथे वेळ जातो, तिथे तिथे तो वाचवणे म्हणजे वेगसुधारणा. साइट चालवणारे बहुधा ‘यातले काय करू?’ असे विचारतात. पण पहिली गोष्ट दुसरीचाच एक भाग असल्यामुळे प्रश्न असा मांडला की उत्तर हमखास चुकते. ठरवायचे असते ते आधी कशाला हात घालायचा, आणि वेळ नेमका कुठे जातो हे मोजल्याशिवाय ते ठरत नाही.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी आणली. तिची मूळ रचना आजही तीच आहे. मजकूर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये राहतो आणि पान मागितले की पीएचपी भाषेतील प्रोग्राम ते जुळवून देतो. प्रत्येक भेटीत सगळे सक्रिय प्लगइन आणि थीम उघडते, डेटाबेसला पाच-पंचवीस किंवा शे-दोनशे प्रश्न विचारले जातात आणि मग पानाचा एचटीएमएल मजकूर बाहेर पडतो. हजार जणांनी एकच लेख उघडला तर हे सारे हजार वेळा घडते. वड्याच्या गाडीवर संध्याकाळच्या गर्दीआधी घाणा काढून ठेवतात, तसे पान आधीच तळून ठेवणे हे कॅश प्लगइनचे काम.

ते चालते कसे? वर्डप्रेसच्या ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरमध्ये ‘अॅडव्हान्स्ड-कॅश’ नावाची एक फाइल ठेवण्याची सोय आहे. मांडणीच्या फाइलमध्ये कॅशची खूण चालू असली की वर्डप्रेस पूर्ण जागे होण्याआधी ही फाइल वाचली जाते आणि तयार प्रत सापडली तर तीच वाचकाला देऊन काम तिथेच थांबते. काही प्लगइन याच्याही पुढे जातात. वेब सर्व्हरलाच नियम लिहून देतात, म्हणजे पीएचपीला उठवावेच लागत नाही. डोनका ओ कीव्ह यांचे डब्ल्यूपी सुपर कॅश हे त्यातले जुने आणि ठाऊक असलेले नाव. रिकार्डो गॅली यांच्या डब्ल्यूपी-कॅशवरून ते २००७ मध्ये तयार झाले. त्यानंतर २००९ मध्ये फ्रेडरिक टाउन्स यांचे डब्ल्यू३ टोटल कॅश आणि २०१३ मध्ये फ्रान्समधून आलेले सशुल्क डब्ल्यूपी रॉकेट आले. लाइटस्पीड कॅशची जात थोडी वेगळी आहे. त्याची पानांची प्रत लाइटस्पीड सर्व्हर स्वतःच सांभाळतो, त्यामुळे होस्टिंग कोणत्या सर्व्हरवर आहे हे न पाहता ते बसवले तर त्याचा मुख्य फायदा हाती येत नाही.

डब्ल्यूपी सुपर कॅश चालू असलेल्या साइटवर पानाचा सोर्स उघडून अगदी तळाशी गेले, तर वाचकाला न दिसणारी एक टिपणी आढळते : हे पान इतक्या सेकंदांत तयार झाले आणि ही प्रत अमुक दिवशी अमुक वाजता राखली. प्लगइन काम करते आहे की नाही, हे पाहण्याची याहून सोपी जागा नाही. पान पुन्हा उघडले आणि ती वेळ बदलली नाही, तर प्रत चालते आहे. दर वेळी बदलत असेल तर प्लगइन नावापुरतेच आहे. टिपणीतले सेकंद तर जास्तच बोलके असतात. तिथे दोन-अडीच सेकंद दिसत असतील, तर कॅशमागे काहीतरी दुखणे झाकले गेले आहे हे ओळखावे.

कारण कॅश सगळ्यांना लाभत नाही. लॉग-इन केलेल्या माणसाला बहुतेक प्लगइन ताजे पान देतात. दुकानाच्या साइटवर कार्ट, पैसे भरण्याचे पान आणि ‘माझे खाते’ ही पाने कॅशबाहेर ठेवावीच लागतात. ज्यावर पैसे मिळतात नेमकी तीच पाने मूळ, संथ वेगाने चालत राहतात. इथे कामाला येतो तो ऑब्जेक्ट कॅश, म्हणजे डेटाबेसची उत्तरे रेडिस किंवा मेमकॅश्ड या प्रोग्रामांच्या साहाय्याने मेमरीत धरून ठेवणे. जुनाट पीएचपी बदलणेही कामाला येते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेली पीएचपी ७ ही ५.६ च्या साधारण दुप्पट वेगाने वर्डप्रेस चालवत असे. काढून टाकलेल्या प्लगइननी मागे ठेवलेला कचराही उपसावा लागतो. सेटिंगच्या तक्त्यातील काही नोंदी प्रत्येक पानाबरोबर आपोआप वाचल्या जातात. त्यांचे ओझे सुमारे ८०० केबीच्या वर गेले तर वर्डप्रेसच्या ६.६ या आवृत्तीपासून ‘साइट हेल्थ’ या तपासणीच्या पानावर इशारा दिसतो. हा इशारा दिसत असताना नुसते कॅश प्लगइन चढवणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवण्यासारखे आहे.

कमी वाचकांच्या साइटचा प्रश्न आणखी निराळा, आणि मराठीतल्या बहुसंख्य वैयक्तिक साइट याच गटात मोडतात. पाचशे लेख, दिवसाला पन्नास वाचक आणि प्रतीचे आयुष्य दहा तास, असा हिशोब मांडून पाहावा. वाचक लेखावर येतो तेव्हा जुनी प्रत बहुधा बाद झालेली असते आणि नवी तयार होण्याचा वेळ त्यालाच सोसावा लागतो. मालक स्वतः दुसऱ्यांदा पान उघडतो, त्याला ते झटकन दिसते, आणि साइट वेगवान झाली असे त्याला वाटते. अशा ठिकाणी प्रतीचे आयुष्य वाढवणे आणि पाने आधीच तयार करून ठेवणारे प्रीलोड चालू करणे गरजेचे असते.

आयुष्य हवे तेवढे वाढवता मात्र येत नाही. वर्डप्रेस फॉर्ममध्ये एक सुरक्षा-खूण घालते आणि ती १२ ते २४ तासांत बाद होते. प्रत त्याहून जुनी झाली, की त्या पानावरचे ही खूण तपासणारे फॉर्म आणि बटणे काम करेनाशी होतात. ‘कालपर्यंत फॉर्म चालत होता’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे सापडते. म्हणून फॉर्म असलेली पाने वेगळी काढून बाकीच्यांचे आयुष्य वाढवावे.

चुकीच्या पानाची प्रत ठेवली गेली तर काय होते, याचे मोठे उदाहरण २५ डिसेंबर २०१५ रोजी घडले. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या खेळांच्या दुकानावर हल्ल्यामुळे रहदारीचा लोंढा आला. तो अडवण्यासाठी लावलेल्या कॅशच्या मांडणीत चूक झाली आणि लॉग-इन केलेल्या ग्राहकांची पाने इतरांना दिसू लागली. कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४,००० जणांची माहिती अशी उघडी पडण्याची शक्यता होती. छोट्या दुकानाच्या साइटवरही हीच चूक एका चुकीच्या टिकमार्कने होऊ शकते. म्हणून कॅश चालू केल्यावर दोन वेगळ्या फोनवरून, दोन वेगळ्या खात्यांनी कार्ट उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये.

पान सर्व्हरवरून निघाल्यानंतर जे घडते त्याच्याशी कॅश प्लगइनचा मूळ अर्थाने संबंध नाही, आणि वाचकाचा बराचसा वेळ तिथेच जातो. याहूमध्ये काम करणाऱ्या स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ मध्येच मांडले होते, की वाचकाच्या वाट पाहण्यातला ८० ते ९० टक्के वेळ ब्राउझरकडच्या कामात जातो.

पाककृतीची एखादी मराठी साइट घ्या. पुरणपोळीचा फोटो मोबाइलवर काढला : ४००० बाय ३००० ठिपके, वजन चार एमबी. पानावर तो ४०० ठिपके रुंदीच्या चौकटीत दिसतो. म्हणजे पाठवलेल्या ठिपक्यांपैकी शंभरातला एक डोळ्यांपर्यंत पोहोचला (दाट पडद्याच्या फोनवर थोडे अधिक). शिवाय ब्राउझरला तो उलगडायला ४८ एमबी मेमरी लागली ते वेगळेच. कॅश प्लगइन हे पान क्षणात देईल, पण फोटो तेवढाच जड राहील. नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस मोठे फोटो स्वतःच २५६० ठिपक्यांपर्यंत आणते. ५.८ पासून वेबपी आणि ६.५ पासून एव्हीआयएफ हे हलके प्रकारही स्वीकारते. जुने लेख मात्र जुन्याच फोटोंसह पडून असतात आणि वर्षानुवर्षे वाचले जाणारे लेख नेमके तेच असतात. ते हाताने बदलण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण त्याचे फळ पहिल्याच दिवशी दिसते.

देवनागरी फॉन्टचा मुद्दा मराठी साइटना खास लागू होतो. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य विभागाला १२८ जागा आहेत, पण ‘क्ष’, ‘ष्ट्य’, ‘र्द्र’ अशी जोडाक्षरे आणि मात्रांची वळणे धरून फॉन्टमध्ये शेकडो आकार लागतात. त्यामुळे फाइल लॅटिनपेक्षा जड होते, आणि एकाच फॉन्टचे पाच जाडपणे मागवले की ओझे पाचपट होते. मजकुराला एक आणि मथळ्याला एक, एवढे बहुधा पुरते. सुरुवातीला फोनचा फॉन्ट दाखवून मागाहून आपला फॉन्ट बसवला, तर उकार आणि मात्रांच्या उंचीतील फरकामुळे ओळी सरकतात आणि वाचणाऱ्याचा धागा तुटतो. ‘गूगलचा फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये आधीच असतो’ हा युक्तिवाद तर आता टिकत नाही. ऑक्टोबर २०२० च्या क्रोम ८६ पासून प्रत्येक साइटची साठवण वेगळी ठेवली जाते.

देवनागरी मजकुराच्या वजनाची भीती मात्र बाळगू नये. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात हे खरे, पण दाबून पाठवले की हा मजकूर छान आटतो. गूगलने २०१५ मध्ये आणलेल्या ब्रोटली पद्धतीच्या अंगभूत शब्दसंग्रहात हिंदी शब्दही असल्यामुळे देवनागरीला तिथे थोडी आघाडीच मिळते.

अंतराचे गणित कोणत्याही प्लगइनला चुकत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. जोडणी, सुरक्षेची ओळख आणि मागणी अशा तीन फेऱ्या धरल्या तर पहिला बाइट यायलाच ३७५ मिलिसेकंद गेले. समुद्राखालच्या केबल सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात याहून जास्त. वाचक नाशिक-कोल्हापूरचे असतील तर सर्व्हर भारतात असावा. अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केल्यापासून हे अवघड राहिलेले नाही. न्यू जर्सी किंवा लंडनमधले मराठी वाचकही मोठ्या संख्येने असतील, तर सीडीएन, म्हणजे जगभरच्या सर्व्हरवर प्रती ठेवून वाचकाला जवळून देणारी सेवा, घ्यावी. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा वेगळे सांगितल्याशिवाय चित्रे, स्टाइल (पानाच्या सजावटीच्या फाइल) आणि स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) एवढेच राखते, मूळ पान नाही, हे ध्यानात ठेवावे.

अलीकडे कॅश प्लगइन आणि बाकीची वेगसुधारणा यांमधली सीमा पुसट झाली आहे. डब्ल्यूपी रॉकेट किंवा लाइटस्पीड कॅश पानाच्या प्रतीखेरीज स्टाइल आटोपशीर करणे, चित्रे उशिरा उतरवणे, स्क्रिप्ट लांबवणे हेही करतात. उलट ऑटोऑप्टिमाइझ हे नुसते स्टाइल-स्क्रिप्टचे काम पाहते, पानाची प्रत ठेवत नाही. म्हणून ते कॅश प्लगइनबरोबर नांदते. दोन कॅश प्लगइन मात्र एकत्र नांदत नाहीत. ‘अॅडव्हान्स्ड-कॅश’ फाइल एकच असते आणि तिच्यावर दोघांचा हक्क चालत नाही.

स्क्रिप्ट लांबवण्याबाबत सावध असलेले बरे. वाचकाने पडदा हलवेपर्यंत किंवा बोट लावेपर्यंत एकही स्क्रिप्ट चालवायची नाही, अशी ती सोय असते. वेग मोजणारे चाचणीचे यंत्र बोट लावत नाही, म्हणून साइटचे गुण शंभराच्या जवळ जातात. खरा वाचक मेनू दाबतो तेव्हा सगळ्या स्क्रिप्ट एकदम धावतात आणि मेनू उघडत नाही. हे गुण वाचकाच्या कामाचे नाहीत.

निवड करताना पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात पहिला बाइट यायला लागणारा वेळ पाहावा. ०.८ सेकंदापर्यंत ठीक मानतात. तो बराच जास्त असेल तर आधी होस्टिंग, पीएचपी आणि कॅश बघावे. तो चांगला असून सर्वांत मोठा घटक दिसायला २.५ सेकंदांहून अधिक लागत असतील, तर कॅश प्लगइन बदलत बसण्यात अर्थ नाही. मग चित्र, फॉन्ट आणि थीम तपासावी. दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या पुढे जात असेल तर संशय स्क्रिप्टवर जातो : जाहिराती, चॅटची खिडकी, पेज बिल्डर (पान जुळवण्याचे प्लगइन). त्यातले काढता येईल ते काढणे हाच उपाय. मार्च २०२४ पासून गूगलने दाबल्यावरच्या प्रतिसादाचे हे माप मुख्य निकषांत घेतले आहे. एका वेळी एकच बदल करावा, कॅश क्लिअर करावा आणि पुन्हा मोजावे. गूगलचे खऱ्या वाचकांवरचे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, त्यामुळे आज केलेली दुरुस्ती तिथे पूर्ण उतरायला चार आठवडे लागतात. पुरेशी वर्दळ नसलेल्या साइटचे असे आकडे मिळतच नाहीत. तिथे साध्या, दोन-तीन वर्षे जुन्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, खाजगी खिडकीत स्वतः पान उघडून पाहावे.