गोव्यातली भटकी मांजरं आणि त्यांच्यासाठी धावणारी माणसं: हे काम इथवर आलं कसं

गोव्यात कुठल्याही वाड्यावर जाऊन विचारा की बाबा, रस्त्यावरच्या मांजरीचं ऑपरेशन कोण करून देतं, तर बहुतेक वेळा कुणा बाईचा नाहीतर कॉलेजच्या पोराचा मोबाईल नंबर मिळतो, पालिकेचा किंवा पंचायतीचा नाही. कुत्र्यांसाठी निदान गाडी येते, जाळीवाले येतात, लस देणारी टीम दारोदार फिरते. मांजरांचं बहुतेक सगळं काम लोक स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या स्कूटरवर पिंजरा बांधून करतात. हे असं का झालं याला मोठा इतिहास आहे, आणि मला वाटतं तो कळल्याशिवाय नुसतं "सरकार काही करत नाही" म्हणून उपयोग नाही.

मुळात मांजर माणसाकडे आलं ते उंदरांमागे. धान्य साठवायला लागलो, उंदीर आले, उंदरांमागून मांजर आलं. सायप्रसमध्ये सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय, म्हणजे नातं तेव्हापासूनचं. पुढे जहाजांवरून ती जगभर गेली, कारण जहाजावर उंदीर असायचेच. आपल्याकडे प्लेगच्या काळात तर मांजराला औषधासारखं महत्त्व आलं होतं. अमरावतीत नोकरीला असलेले ब्युकॅनन नावाचे इंग्रज डॉक्टर घरोघरी मांजर ठेवा म्हणून सांगत होते, त्यांचा त्यावरचा लेख 1908 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. गोव्यातल्या जुन्या घरांत भाताची कोठारं, सुक्या खोबऱ्याची पोती, म्हणजे मांजर हवंच. पण ते "पाळलेलं" नसायचं, ते घराचं असायचं. दुपारी नुस्त्याची, म्हणजे मासळीची डोकी आणि थोडा शितांचा गोळा मिळाला की संपलं, बाकी पोट त्याचं तेच भरणार. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं असं घरातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, त्या धाकाने मारायचे नाहीत, पण पिल्लं जास्त झाली की पिशवीत भरून लांब बाजारात नेऊन सोडणं मात्र चालायचं. आजही चालतं, आणि म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठलाही बाजार घ्या, तिथली मांजरं बऱ्याच अंशी अशीच आलेली आहेत.

आता कायद्याचं बघा. भरतनाट्यमसाठी सगळ्यांना माहीत असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणलं, त्याच धडपडीतून 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला आणि 1962 मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळ मद्रासला सुरू झालं, रुक्मिणीदेवीच पहिल्या अध्यक्ष. कायदा झाला तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. कायदा चांगला, पण दंड बघून वाईट वाटतं, पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये, आणि हा आकडा तेव्हापासून तसाच आहे. मांजराच्या अंगावर कुणी उकळतं पाणी टाकलं तरी या कलमाखाली पहिल्या वेळी तेवढाच दंड. 2024 च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेतल्या 325 कलमाखाली प्राण्याला मारणं, विष देणं किंवा कायमचं जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जुन्या आयपीसीत होती ती प्राण्याच्या किमतीची अट आता गेली, हे खूप मोठं आहे, कारण रस्त्यावरच्या मांजराची किंमत कोण ठरवणार होतं?

पण खरी गाडी अडली ती कुत्र्यांपाशी, म्हणजे कुत्र्यांमुळेच सगळं झालं आणि कुत्र्यांपुरतंच झालं. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांच्या चाव्यातून येतो, त्यामुळे भीती त्यांची, पैसाही त्यांच्यावर. मारून संख्या कमी होत नाही, नसबंदी करा, असं चेन्नईची ब्लू क्रॉस ही प्राण्यांसाठीची संस्था 1964 पासून सांगत होती, तिथल्या महापालिकेने ते मनावर घेतलं 1996 मध्ये. मग 2001 मध्ये केंद्राने नसबंदीचे नियम काढले त्यांच्या नावातच "कुत्रे" होतं. मांजराचा विचारच नव्हता.

गोव्यातही तसंच. इथली प्राण्यांची चळवळ कोर्टातून पुढे आली, धीरयोपासून, म्हणजे बैलांच्या झुंजीपासून. 1996 मध्ये बाणावलीजवळ धीरयोत एक माणूस मेला, पीपल फॉर ॲनिमल्स ही संस्था हायकोर्टात गेली आणि धीरयोवर बंदी आली. ॲडव्होकेट नॉर्मा आल्वारिस यांचं नाव या कामाशी कायमचं जोडलेलं आहे, त्यांना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. नंतर भटक्या कुत्र्यांना मारण्याचा प्रश्न हायकोर्टात बरीच वर्षं चालला, 2008 च्या डिसेंबरात उपद्रवी कुत्री मारायला मुभा देणारा निकाल आला आणि जानेवारी 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. या सगळ्या वर्षांत आसगावला, कुडचड्याला दवाखाने आणि शेल्टर उभे राहिले, काही परदेशातून येऊन इथे राहिलेल्या लोकांनी काढले, काही गोंयकारांनी. मिशन रेबीज या संस्थेने 2013 पासून भारतात काम सुरू केलं आणि गोव्यात सरकारबरोबर गावोगाव कुत्र्यांना लस दिली, 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते हा त्यामागचा हिशोब. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. हे यश खरंच मोठं आहे आणि मांजरांनाही त्याचा फायदा झाला, एक तर रेबीजचा धोका घटला आणि दुसरं म्हणजे नसबंदीचा हात बसलेले तरुण डॉक्टर तयार झाले.

तिकडे बाहेर मात्र मांजरांचं काम आधीपासून वेगळ्या वाटेने चाललं होतं. इंग्लंड आणि डेन्मार्कमध्ये 1970 च्या दशकात काही बायकांनी आणि डॉक्टरांनी पकडायचं, ऑपरेशन करायचं, परत तिथेच सोडायचं अशी पद्धत रुळवली, आणि ऑपरेशन झालेलं मांजर लांबून ओळखू यावं म्हणून कानाचं टोक कापायची खूणही तेव्हाचीच. इटलीने 1991 च्या कायद्यात भटक्या मांजरांना आहे तिथे मोकळं जगू द्या, मारू नका असं लिहून टाकलं. अमेरिकेत 1990 मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका गल्लीतल्या मांजरांवरून अ‍ॅली कॅट अलाईज ही संस्था सुरू झाली. सगळीकडे सुरुवात शेजारपाजारच्या लोकांनी केली, सरकार नंतर आलं. आपल्याजवळ मुंबई महापालिकेने मांजरांची नसबंदी हातात घेतली ती 2019 च्या सुमारास. म्हणजे किती उशीर बघा.

मांजराचं काम कुत्र्यापेक्षा वेगळं का, हे ज्याने कधी पिंजरा लावलाय त्यालाच कळतं. गल्लीतलं कुत्रं ओळखीच्या माणसाने बोलावलं की येतं, नाहीतर जाळीवाले धरतात. मांजर जाळी दिसली की छपरावर. मग रात्री बाजार बंद झाल्यावर पिंजऱ्यात बांगड्याचं डोकं नाहीतर तळलेली तारली ठेवायची, खाली वर्तमानपत्र, वर जुना टॉवेल, आणि लांब जाऊन गप्प बसायचं. त्या दिवशी संध्याकाळी तिथे कुणी खायला घालायचं नाही हे सगळ्यांना आधी सांगून ठेवावं लागतं, भरलेल्या पोटाचं मांजर आत शिरत नाही. पिंजऱ्याचं दार पडलं की आतलं मांजर जीव खाऊन आपटतं, तेव्हा लगेच टॉवेल खाली ओढून अंधार करायचा, मग हळूहळू शांत होतं. भाटी असेल तर ऑपरेशननंतर काही दिवस ठेवायला जागा लागते, बोका लवकर सोडता येतो. सोडायचं मात्र जिथून आणलं तिथेच, दुसऱ्या वाड्यावर सोडलं तर तिथली मांजरं तिला टिकू देत नाहीत.

आणि घाई का, तर भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहते. एका जागी दोन-तीन भाट्या सुटल्या तर वर्षभराचं काम पाण्यात.

गोव्यात याला आणखी एक हिशोब जोडलेला आहे तो मासळीचा आणि पर्यटकांचा. मालीम, कुटबण, वास्कोची जेटी, इथली मांजरं ट्रॉलरवर जगतात, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. किनाऱ्यावरच्या शॅकमधली मांजरं पर्यटकांच्या ताटावर जगतात, आणि मेअखेर शॅक मोडतात. म्हणजे दोन्हीकडचं अन्न एकाच आठवड्यात बंद होतं, वर पाऊस, वर उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हेच अचानक सगळीकडे झालं, बाजार बंद, हॉटेलं बंद, तेव्हा पशुकल्याण मंडळाने राज्यांना पत्र लिहून प्राण्यांना खायला घालणाऱ्यांना फिरू द्या म्हटलं. आधी एकेकटे करणारे लोक त्या महिन्यांत एकमेकांना सापडले, व्हॉट्सॲप ग्रुप झाले, कोण खायला घालतं, कोणाकडे पिंजरा आहे, कोण गाडी देतं. मी या कामात अशाच एका ग्रुपमुळे आले. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून बाजारात नुस्तं विकणाऱ्या मावशी रोज उरलेली डोकी, आतडी वेगळी ठेवून मांजरांना घालत आल्यात, त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नाही, पण कुठली भाटी कधी व्याली हे अचूक त्याच सांगतात. आमचं अर्धं काम त्यांच्या माहितीवर चालतं.

2023 च्या मार्चमध्ये नवे नियम आले, त्यांच्या नावातून "कुत्रे" गेलं आणि रस्त्यावरच्या प्राण्यांना सामुदायिक प्राणी असा दर्जा मिळाला. सोसायटीने खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची, अडवायचं नाही, हेही त्यात आहे. पर्वरी, ताळगावच्या बिल्डिंगांमध्ये भांडणं होतात ती बहुतेक याच मुद्द्यावर, आणि आता निदान हातात धरून दाखवायला कागद आहे. पालिकेच्या बजेटमध्ये मात्र मांजरांसाठी वेगळी ओळ अजून हवीच आहे. पंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचा तर एप्रिलच्या आत दिलेला बरा, जूनमध्ये जेट्या बंद व्हायच्या आधी निदान तिथल्या भाट्यांची ऑपरेशनं उरकता येतात.