‘मी बाई नाही का?’ असं ती म्हणाली होती?

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथचं हे वाक्य महिला दिनाच्या पोस्टरांवर हमखास झळकतं. १८५१ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या महिला हक्क परिषदेत तिचं भाषण झालं, हे खरंच. पण महिन्याभरात संपादक मेरियस रॉबिन्सनने आपल्या वर्तमानपत्रात छापलेल्या वृत्तांतात हे वाक्य औषधालाही सापडत नाही. ते आलं १८६३ मध्ये, त्या परिषदेची अध्यक्ष असलेल्या फ्रान्सिस गेजच्या लेखणीतून. गेजने तिच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली, वर १३ मुलंही दिली! ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणी डच बोलणारी; मुलं पाच. मला तर रॉबिन्सनने टिपलेली ट्रुथच जास्त भावते: मी नांगर धरलाय, कापणी केलीय, कणसं सोललीत, पुरुष याहून जास्त काय करतो? आणि मिळालं तर जेवतेही त्याच्याएवढंच.