आयपी 65 ची पेटी आतून ओली का होते?

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं. तेव्हापासून इथल्या सोसायट्यांच्या सभांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पंपाचं पॅनल आता आयपी 65 चं बसवून टाका, म्हणजे पाण्यात बुडालं तरी चिंता नाही." बोलणारा बहुधा नुकताच दुकानात चौकशी करून आलेला असतो आणि पेटीवर चिकटवलेला आकडा त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. पण हे वाक्य चूक आहे, आणि विजेच्या बाबतीत अशी चूक जिवावर बेतू शकते. आयपी 65 हा आकडा बुडण्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. शिवाय जी पेटी कधीच बुडाली नाही, भिंतीवर चांगली उंचावर लावलेली आहे, तीसुद्धा दोन-तीन पावसाळ्यांत आतून गंजलेली सापडते. हे कसं होतं, तेच मला मुख्यतः सांगायचं आहे. पण त्याआधी आकडे समजून घ्यायला हवेत.

आयपी ही पेटी आत शिरणाऱ्या गोष्टी किती अडवते ते सांगणारी खूण आहे, आणि तिच्यापुढे दोन अंक असतात. पहिला 0 ते 6, तो बोटं, तारा, धूळ अशा घन गोष्टींसाठी. दुसरा 0 ते 9, तो पाण्यासाठी. कारखानदारानं मनाला येईल तो आकडा छापावा असं इथे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या 60529 क्रमांकाच्या मानकात प्रत्येक अंकाची चाचणी ठरलेली आहे, आणि भारतानं तेच मानक आयएस/आयईसी 60529 म्हणून स्वीकारलं आहे. विजेची उपकरणं तपासणारी एर्डा ही संस्था 1974 पासून आपल्या बडोद्यातच, मकरपुऱ्यात आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

पहिल्या अंकातला 2 बघा. त्याच्या चाचणीसाठी एक कृत्रिम बोट वापरतात : 12 मिमी जाड, 80 मिमी लांब, माणसाच्या बोटासारखं सांध्यात वाकणारं. पेटीच्या प्रत्येक फटीतून ते आत सारून, वाकवून पाहतात की विजेच्या उघड्या भागाला ते टेकतं का. म्हणजे पेटी फक्त आतल्या यंत्राला जपत नाही, बाहेरच्या माणसालाही जपते. अंक 4 असेल तर 1 मिमी जाडीची तारसुद्धा आत जाता कामा नये. 5 म्हणजे थोडी धूळ गेली तरी चालेल, पण काम बिघडवण्याइतकी नको. 6 म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव.

पाण्याचे अंक 1 आणि 2 ठिबकण्याचे, 3 आणि 4 फवाऱ्याचे आणि शिंतोड्यांचे. 5 साठी 6.3 मिमी तोंडाच्या नळीतून मिनिटाला 12.5 लीटर पाणी अडीच-तीन मीटरवरून चहूबाजूंनी मारतात. 6 साठी तोंड 12.5 मिमीचं आणि पाणी मिनिटाला 100 लीटर. आणि 7 ला पद्धतच बदलते : पेटीचा तळ पाण्याच्या पातळीखाली 1 मीटर जाईल अशी ती बुडवून अर्धा तास ठेवायची. 8 म्हणजे याहून कठीण बुडवणं. किती खोल आणि किती वेळ, ते कारखानदार आणि ग्राहक यांनी ठरवायचं. 9 म्हणजे 80 अंश तापलेल्या पाण्याचा जोरदार दाबाचा फवारा.

इथे बहुतेकांचा एक समज सुधारायला हवा. 1 ते 6 ही चढती पायरी आहे. 6 मिळालेल्या पेटीला 5 मिळाल्यातच जमा. 7 मात्र 6 च्या वरची पायरी नाही. शांत पाण्यात बुडून कोरडी राहिलेली पेटी जोरदार धारेसमोर टिकेलच असं नाही. रबराची पट्टी बुडल्यावर पाण्याच्या दाबानं घट्ट बसते, तर तिरप्या धारेनं उचलली जाऊ शकते. म्हणूनच दोन्ही चाचण्या पार केलेल्या पेटीवर आयपी 66 आणि आयपी 67 असे दोन्ही आकडे लिहितात. आयपी 67 चा मोबाइल नळाच्या जोरदार धारेखाली धुणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बडोद्याजवळच्या पादरा भागातल्या शेतात एप्रिल-मेच्या उन्हात उभी असलेली पंपाच्या स्टार्टरची पेटी घ्या. 40 सेंमी रुंद, 50 उंच, 20 खोल, म्हणजे बरोबर 40 लीटरची. बाहेरून ऊन, आतून काँटॅक्टरच्या, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या, कॉइलची ऊब. आतली हवा 60 अंशांवर गेली असं धरून चालू. हवा तापली की दाब वाढतो, आणि हा दाब रबरी पट्टीच्या सूक्ष्म फटींतून, केबल आत घेणाऱ्या घट्ट जोडणीतून, म्हणजे ग्लँडमधून, तासा-दोन तासांत हळूहळू निसटून जातो. दुपारी तीनला पेटीत बाहेरच्याइतकाच दाब असतो, फक्त हवा कमी झालेली असते.

मग वळवाची सर येते. पत्र्यावर गार पाणी पडतं आणि पेटी काही मिनिटांत 25 अंशांवर येते. अकरावीत शिकलेला नियम इथे लावा : आकारमान बदललं नाही तर वायूचा दाब त्याच्या केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात असतो. 60 अंश म्हणजे 333 केल्विन, 25 अंश म्हणजे 298. भागाकार 0.895. म्हणजे आतला दाब साडेदहा टक्क्यांनी पडू पाहतो, सुमारे 10.6 किलोपास्कलनी. हा आकडा पाण्याच्या भाषेत सांगायचा तर 1 मीटरहून थोडा जास्त उंच पाण्याच्या स्तंभाइतका. गरम भाजी भरून झाकण लावलेला स्टीलचा डबा गार झाल्यावर उघडता उघडत नाही, तो याच दाबामुळे.

थोडं थांबून बघा, काय झालं ते. पेटी बुडालेली नाही. पण तिच्या रबरी पट्टीवर आत्ता जो दाब आहे, तो 1 मीटर पाण्याखालच्या दाबाएवढा आहे, आणि नेमकी याच क्षणी झाकणाच्या कडेवर पावसाच्या पाण्याची फिल्म बसलेली आहे. पेटीला हवा हवी आहे आणि फटीवर पाणी आहे. म्हणून ती पाणी ओढते. फट नुसती झाकणाचीच असते असं नाही. बहुपदरी तांब्याच्या तारेच्या पदरांमधली बारीक पोकळी हीसुद्धा वाट आहे. तारेचं बाहेरचं टोक ओलं असेल तर कातडीच्या आतून पाणी थेट टर्मिनलपर्यंत येतं. पॅनल बनवणारे याला पेटीचं श्वास घेणं म्हणतात.

प्रत्यक्षात सगळा फरक टिकत नाही, हवाही आत शिरतेच. सगळी हवाच शिरली असं मानलं तर 40 लीटरच्या पेटीत साधारण 4.2 लीटर हवा येईल. पावसातली ही हवा 25 अंशांना ओलाव्यानं पूर्ण भरलेली असते, तेव्हा घनमीटरमागे तिच्यात सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. म्हणजे एका श्वासात जेमतेम 0.1 ग्रॅम, दोन थेंब. रात्री पेटी आणखी गार झाली की हे थेंब झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे बसतात. दुसऱ्या दिवशी उन्हानं त्यांची वाफ होऊन बरीचशी बाहेरही जाते. फटीतून थेट ओढलं गेलेलं पाणी मात्र तळाशी साठतं. पेटी तापल्यावर दाब वाढून बाहेर जाते ती वरची हवा, तळातलं पाणी नाही. आत येताना पाणी, बाहेर जाताना हवा, असा हा एकमार्गी व्यवहार ऋतूभर चालतो. ऑक्टोबरात अशी पेटी उघडली की तळापासून दोन बोटं वर गंजाची सरळ रेघ दिसते, झाकणाच्या आत सुकलेल्या थेंबांचे पांढरे डाग असतात, आणि रबरी पट्टी बिजागरीच्या बाजूला चपटी होऊन बसलेली असते. टर्मिनलवरच्या धुळीत हा ओलावा मिसळला की तिच्यातून किंचित विद्युतप्रवाह वाहू लागतो, प्लॅस्टिकवर कोळशाची काळी वाट तयार होते, आणि एक दिवस त्याच वाटेनं ठिणगी पडते.

मग ही पेटी चाचणीत पास कशी झाली? याचं उत्तर मानकातच आहे. पाण्याच्या चाचणीत पाण्याचं तापमान पेटीच्या तापमानापेक्षा 5 अंशांहून अधिक वेगळं नसावं, असा नियम आहे. पाणी त्याहून गार असेल तर पेटीच्या आतबाहेरचा दाब सारखा राहील अशी सोय करावी लागते. म्हणजे गार सरीनं तापलेली पेटी आकसण्याचा प्रसंग चाचणीतून मुद्दाम बाजूला ठेवला आहे. यात फसवणूक नाही. सगळ्या प्रयोगशाळांना सारखंच उत्तर यायला हवं, तर एका वेळी एकच गोष्ट तपासावी लागते. मानक लिहिणाऱ्यांना श्वासाची कल्पना नव्हती असंही नाही. धुळीच्या चाचणीत, ज्या पेट्यांच्या आतला दाब काम करताना खाली जातो त्यांच्या पोटातली हवा पंपानं ओढतात आणि बाहेर टाल्कची बारीक पूड उडवतात. तिथे जास्तीत जास्त ओढ 2 किलोपास्कल असते. आपल्या हिशेबातली ओढ त्याच्या पाचपट आहे.

शिवाय पाण्याच्या चाचणीत पास होण्याचा अर्थ एक थेंबही शिरला नाही असा नसतो. शिरलेलं पाणी कामाला बाधा आणणारं, विजेच्या उघड्या भागांपर्यंत किंवा केबलच्या टोकाशी पोचणारं नसावं, इतकंच तपासतात. आणि तपासली जाते ती नवी पेटी, सगळे ग्लँड नीट कसलेली. घरी आणल्यावर वायरमन एका ग्लँडमधून तीन वायरी ओढतो, वरच्या बाजूला नवं भोक पाडतो, आणि त्या क्षणी पेटीवरचा आकडा निव्वळ रंगकाम उरतो.

पुराचा विचार वेगळा आहे. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला. तळघरात साचलेलं गढूळ पाणी दोन-दोन दिवस राहतं, अर्ध्या तासाच्या चाचणीचा तिथे काहीही उपयोग नाही. पॅनल पुराच्या पातळीच्या वर नेणं हा एकमेव भरवशाचा उपाय आहे. पण याच सभांत मी असंही ऐकलं आहे की विजेचं पॅनल आग्नेय कोपऱ्यातच हवं, म्हणून ते तळघरातून हलवायचं नाही. असा आग्रह सोडायला हवा. विश्वामित्रीचं पाणी कोपरा पाहून चढत नाही, जमिनीची उंची पाहून चढतं. जाहिरातींतलं "शंभर टक्के वॉटरप्रूफ" हेही तितकंच निराधार आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या आयपी 67 बॅटरीचा भरवसा धरून साचलेल्या पाण्यात गाडी घालणाऱ्यांना पुन्हा तोच हिशेब सांगायचा आहे : चालून तापलेली बॅटरी गार पाण्यात घालणं म्हणजे तिला पाण्यात श्वास घ्यायला लावणं.

पेटीचा श्वास थांबवता येत नाही, त्याला वाट देता येते. पॉलीटेट्राफ्लुओरोएथिलीन म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणून ओळखतो, ते झटक्यानं ताणलं की सूक्ष्म छिद्रांची जाळी होते. बॉब गोर यांना हे 1969 मध्ये सापडलं. त्या छिद्रांतून हवा आणि वाफ जाते, पण पाणी टेफ्लॉनला चिकटत नसल्यामुळे पृष्ठताण त्याला आत शिरू देत नाही. अशा पडद्याचं बुच, म्हणजे ब्रीदर, पेटीला बसवलं की दाब लगेच सारखा होतो आणि फटीवरचं पाणी ओढलं जात नाही. वाफ मात्र त्यातूनही जाते, म्हणून दमट ठिकाणी आत छोटा हीटर लावतात, तो आतली हवा बाहेरपेक्षा थोडी गरम ठेवून दव बसू देत नाही. केबल नेहमी खालून घ्यावी आणि ग्लँडच्या आधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलातूनच टपकतं. पेटीवर पत्र्याचं छप्पर असेल तर ऊन आणि सर दोन्ही अडतात, आणि तापमानाची उडीच लहान होते.

दुकानात पेटी घेताना त्याच मॉडेलचा चाचणी अहवाल मागा आणि ब्रीदर बसवायची जागा आहे का विचारा. तो पेटीच्या बाजूच्या भिंतीवर, सगळ्यात खालच्या कडेपासून थोडा वर असावा. डोक्यावर बसवला तर त्याच्यावर पाणी साचतं. आणि दिवाळीला पेटीला रंग द्यायचा ठरला तर ब्रीदरवर आधी चिकटपट्टी लावून घ्या, काम झालं की ती काढा. रंगाचा एक थर त्या छिद्रांना पुरतो.