शार्लट ब्राँटेच्या घरी मुलं उपाशी होती?

‘जेन एअर’ ही कादंबरी लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटेचे पाद्री वडील पॅट्रिक मुलांना मांस देत नसत, नुसत्या बटाट्यांवर ठेवत, ही गोष्ट 1857 पासून फिरते आहे. ती आली एलिझाबेथ गॅस्केलने लिहिलेल्या शार्लटच्या चरित्रातून. सांगणारी होती त्या घरी पूर्वी शुश्रूषेला असलेली बाई. पॅट्रिकनी हरकत घेतली आणि तिसऱ्या आवृत्तीत ती गाळली गेली. तरी ती मेली नाही.

शार्लटच्या धाकट्या बहिणीचं, एमिलीचं, नोव्हेंबर 1834 चं टिपण बघा: आज जेवायला उकडलेलं बीफ, सलगम, बटाटे, सफरचंदाचं पुडिंग!

किती अन्याय केला आपण! आयर्लंडच्या गरीब घरातून केंब्रिजला पोचलेला हा माणूस. ब्राँटे राहत त्या हॉवर्थ गावच्या घाण पाण्याची 1850 ची सरकारी पाहणी त्यांच्याच पाठपुराव्याने झाली.