औद्योगिक कलह : विकसनशील अर्थव्यवस्थेवरील परिणाम

नोकरी, सेवाशर्ती वा कामाची परिस्थिती यांवरून मालक व कामगार यांच्यात उद्‌भवणाऱ्या वादाचे संप आणि टाळेबंदी (मालकाने कारखाना बंद ठेवणे) हे ठळक आविष्कार होत. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात त्यांचे परिणाम अधिक तीव्र होतात हे सर्वमान्य असले, तरी ते मोजावेत कसे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

वाया गेलेले श्रमदिन (कामगारांची संख्या गुणिले काम बंद राहिलेले दिवस) हे रूढ मापक. मात्र मालाचा साठा पडून असताना झालेला संप मालकाला फारसा जड जात नाही, तर मे १९७४ मधील रेल्वे संपासारखा तीन आठवड्यांचा संपही कोळसा व धान्य यांची वाहतूक खोळंबल्यामुळे इतर उद्योगांना ग्रासतो. श्रमदिनांच्या बेरजेत हा फरक उमटत नाही. शिवाय १९८० नंतरच्या बहुतेक वर्षांत भारतात संपांपेक्षा टाळेबंदीनेच अधिक श्रमदिन वाया गेले आहेत, ही बाब संपविरोधी लिखाणात सहसा मागे पडते.

बेस्ली व बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या राज्यांनी १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कामगारांना अनुकूल दुरुस्त्या केल्या, तेथे नोंदणीकृत कारखान्यांतील उत्पादन व रोजगार घटले. दुरुस्त्यांच्या त्यांच्या वर्गीकरणावर अर्थशास्त्रज्ञ आदित्य भट्टाचार्जी यांनी घेतलेले आक्षेप बिनतोड नसले, तरी दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

अशा वादांत खरे कारण कोणते व निमित्त कोणते, हा घोळ कापडगिरण्यांबाबतही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपाने गिरण्या बुडाल्या असे एक मत. यंत्रमागांची स्पर्धा, जुनाट यंत्रे व जमिनीचे वाढते मोल यांनी त्या आधीच पोखरल्या होत्या असे दुसरे. इंदूरचा दाखला दुसऱ्या मताकडे झुकतो. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या काळात, बहुधा १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून, उभ्या राहिलेल्या येथील गिरणधंद्यात मुंबईइतका लांबलेला सार्वत्रिक संप न होताही मालवा, कल्याणमल व स्वदेशी या गिरण्या १९७४ मध्ये आजारी उद्योग म्हणून राष्ट्रीयीकृत कराव्या लागल्या. इंदूरचीच हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला. तीन दशके अडकलेली ही क्रयशक्ती कोणत्याही श्रमदिनांच्या तक्त्यात सापडत नाही.

मुंबईप्रमाणेच मध्य प्रदेशातही तेथील १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेकडे सोपविला होता. तरीही तिच्या विरोधी गटातील साम्यवादी कामगार नेते होमी दाजी १९६२ मध्ये इंदूरहून लोकसभेवर निवडून आले, ही घटना अशा प्रतिनिधित्वाच्या मर्यादेकडे निर्देश करते.

असंघटित क्षेत्रात कलह बहुधा काम सोडण्याच्या रूपाने प्रकटतो व अधिकृत आकडेवारीबाहेर राहतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने कामगारकपात व कारखाना बंद करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून लागू केली. संपापूर्वी १४ दिवसांची सूचना, जी पूर्वी केवळ लोकोपयोगी सेवांत अनिवार्य होती, ती सर्वच औद्योगिक आस्थापनांना बंधनकारक केली.