लिंक्डइन-विडंबन, एनएफएल फ्रंट ऑफिसचं

अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएल या लीगमधल्या एखाद्या टीमचं मॅनेजमेंट जणू लिंक्डइनवर आपल्या करिअरचे धडे वाटत बसलंय, अशा थाटात चाहत्यांनी लिहिलेल्या खोट्या पोस्ट. फ्रंट ऑफिस म्हटल्यावर आपल्याकडे हॉटेलचं रिसेप्शन डोळ्यांपुढे येतं, इथे मात्र जनरल मॅनेजर, त्याचे असिस्टंट, स्काउट आणि पगाराचा हिशोब सांभाळणारी मंडळी असा अर्थ घ्यायचा. पोस्टमध्ये बोलणारा बहुतेक वेळा जनरल मॅनेजरच असतो, आणि ती पडते टीम सडकून हरली, कोणाला काढलं किंवा ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात, भलताच खेळाडू उचलला की.

उगमाबद्दल दोन मतं दिसतात. पहिलं असं की हे मुळात लिंक्डइनचीच टिंगल आहे: साइट मे २००३ मध्ये सुरू झाली, २०१४ पासून कोणालाही लांब लेख टाकता यायला लागले, आणि २०१७ च्या सुमारास एक वाक्य, मोकळी ओळ, मग पुढचं वाक्य ही स्टाइल इतकी बोकाळली की इंग्रजीत तिला 'ब्रोएट्री' (ब्रो अधिक पोएट्री) असं नाव पडलं, आधी ऑफिसवाले तिच्यावर हसले आणि तिथून ती खेळाच्या चाहत्यांच्या हातात गेली. कालक्रम बघता हे बसतं. पण चाहत्यांना नक्कल करायला फार लांब जावंच लागलं नाही, कारण फ्रंट ऑफिसवाले त्याच्या आधीपासूनच तसं बोलत होते, त्यामुळे उगम क्लबांच्या स्वतःच्या भाषेत शोधणारं दुसरं मत जास्त वजनदार वाटतं.

त्यासाठी मागे १९९४ पर्यंत जावं लागतं. त्या वर्षी लीगने सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, आणली, तेव्हा ती प्रत्येक टीमला ३.४६ कोटी डॉलर होती, २०२५ मध्ये २७.९२ कोटी झाली, आणि मधल्या काळात जनरल मॅनेजरचं निम्मं काम अकाउंटंटचं होऊन बसलं. २०१६ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने तर फुटबॉल ऑपरेशन्स हार्वर्डमध्ये शिकलेल्या वकिलाकडे, साशी ब्राउनकडे दिलं आणि बेसबॉलमधून पॉल डीपोडेस्टाला चीफ स्ट्रॅटेजी ऑफिसर म्हणून आणलं. पदाचं नावच असं की विडंबनकाराला वेगळं काही लिहायला नको. पुढच्या दोन सीझनमध्ये टीम ३२ पैकी १ मॅच जिंकली. मार्च २०१७ मध्ये त्यांनी ह्यूस्टनकडून क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) ब्रॉक ऑस्वाइलरचा १.६ कोटी डॉलरचा पगार अंगावर घेतला, बदल्यात ड्राफ्टमधला दुसऱ्या राउंडचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, मिळवला, लोक पोट धरून हसले, आणि त्याच पिकवर २०१८ मध्ये पुढे स्टार ठरलेला निक चब मिळाला (तोवर ब्राउनची नोकरी गेलेली होती).

शिकागो बेअर्सचं उदाहरण याहून बोलकं आहे. जानेवारी २०२१ च्या पत्रकार परिषदेत मालकांच्या घरातले जॉर्ज मॅकॅस्की आणि प्रेसिडेंट टेड फिलिप्स यांनी 'कोलॅबोरेशन'चं इतकं गुणगान केलं की तो शब्द शिकागोत चेष्टेचा झाला. क्वार्टरबॅकचं पूर्ण जमलं का, नाही, पुरेशा मॅच जिंकलो का, नाही, बाकी सगळं मात्र आहे, असा फिलिप्स यांचा एकूण सूर होता. पुढच्या जानेवारीत जनरल मॅनेजर आणि कोच दोघेही घरी गेले.

बास्केटबॉलचा असला तरी जनरल मॅनेजर सॅम हिंकीचा राजीनामाही इथे मोजायला हवा. आपल्या टीमच्या, फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या भागीदारांना एप्रिल २०१६ मध्ये लिहिलेलं हे १३ पानी पत्र, त्यात लिंकनची कुऱ्हाड येते, नामशेष झालेला मोआ पक्षी येतो, आणि सुरुवातीलाच सर्जन-लेखक अतुल गावंडे येतात, ज्यांचं घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचं. विडंबन नसून विडंबनासारखं वाचलं जाणारं लिखाण म्हणून त्याचा मान पहिला.

रचनेबद्दल. लिंक्डइन पहिल्या दोन-तीन ओळी दाखवून बाकी मजकूर झाकतं, म्हणून धक्का वरच द्यायचा, मग एक सामान्य माणूस आणायचा, मग शिकवण, आणि शेवटी वाचकाला प्रश्न. साचा साधारण असा:

काल आम्ही क्वार्टरबॅकला सोडलं.

खर्च? साडेआठ कोटी डॉलर.

बोर्डरूममध्ये सगळे गप्प.

पार्किंगमधला सिक्युरिटी गार्ड म्हणाला, 'सर, मग आता बॉल टाकणार कोण?'

त्या क्षणी मला लीडरशिप कळली.

तो आता आमच्या ॲनालिटिक्स टीममध्ये आहे.

सहमत?

यातला आकडा खरा आहे. डेन्व्हर ब्रॉन्कोसने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा ८.५ कोटींची 'डेड कॅप' त्यांच्या माथी बसली. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही करतानाची रक्कम, खेळाडूला लगेच मिळतो, पण कॅपच्या हिशोबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो, आणि खेळाडू मधेच गेला की उरलेले हप्ते एकदम अंगावर येतात. खेळाडूला १ जूननंतर सोडल्याचं धरायच्या नियमाचा आधार घेतला तर ते दोन वर्षांत वाटता येतात, म्हणून ब्रॉन्कोसच्या खात्यात २०२४ ला ५.३ आणि २०२५ ला ३.२ कोटी पडले. जो माणूस आता आपल्याकडे खेळतच नाही त्याचा पगार हा चाहत्यांना छळणारा आणि विडंबनकारांना पोसणारा विषय.

सध्याचं रूप बहुधा २०२० नंतर पक्कं झालं. त्या वर्षी लिंक्डइनने फोटोभोवतीचं हिरवं 'ओपन टू वर्क' कडं आणलं, आणि सीझन संपल्यावरच्या 'ब्लॅक मंडे'ला, ज्या दिवशी कोच आणि मॅनेजर लायनीत काढले जातात, ते कडं त्यांच्या फोटोंवर चढवणं ओघानेच आलं.

सगळ्या टीमना हा साचा सारखा बसत नाही. डॅलस काउबॉइजचे जेरी जोन्स १९८९ पासून मालकही तेच आणि जनरल मॅनेजरही तेच, वरच्या साहेबाला खूश करायची गरजच नाही, त्यामुळे त्यांच्या तोंडी 'नम्रपणे कळवतो' हे लिंक्डइनचं ठरलेलं वाक्य घातलं की पोस्ट फसते. ग्रीन बे पॅकर्सची अडचण उलटी आहे: या टीमला एक मालकच नाही, पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत, डिव्हिडंड शून्य, शेअर बाजारात विकायची सोय नाही, तरी दर उन्हाळ्यात लॅम्बो फील्डवर त्यांची रीतसर वार्षिक सभा भरते आणि जनरल मॅनेजर तिथे खरोखरच रिपोर्ट देतो.