‘पोल्स अपार्ट’मधले ध्रुव कुठले?

जागावाटपाची बोलणी अडली की इंग्रजी बातमीत हमखास येतं: ‘द टू साइड्स आर पोल्स अपार्ट.’ म्हणजे दोघांचं म्हणणं अगदी दोन टोकांना आहे. यातला ‘पोल’ विजेच्या खांबाचा नव्हे. तो खांब लॅटिन ‘पालुस’, म्हणजे खुंट, यावरून आला. ध्रुवाचा ‘पोल’ ग्रीक ‘पोलोस’वरून, लॅटिन ‘पोलुस’मार्गे आला. ‘पोलोस’ म्हणजे ज्याभोवती काही फिरतं तो आस. आज दोन्हींचं स्पेलिंग एकच झालंय, घराणी मात्र वेगळी.

ग्रीकांचा हा आस आधी आकाशाचा होता, जमिनीचा नंतर. सगळं तारांगण ज्या दोन बिंदूंभोवती फिरताना दिसतं, ते ध्रुव. इंग्रज कवी चॉसरने १३९१च्या सुमारास आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं जुनं यंत्र, कसा वापरायचा याची पुस्तिका लिहिली. तिच्यात ‘आर्क्टिक’ आणि ‘अंटार्क्टिक’ असे दोन्ही ध्रुव येतात, तेही आकाशातलेच. ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. आपले सप्तर्षी ग्रीकांकडे याच अस्वलात मोडतात.

आकाशातल्या ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. पुण्यातून ध्रुवतारा साधारण साडेअठरा अंशांवर दिसतो, लंडनमधून साडेएक्कावन्न. उत्तर ध्रुव क्षितिजाच्या जितका वर, दक्षिण ध्रुव तितकाच खाली. दोन्ही एका वेळी गाठायचे तर विषुववृत्तावर उभं राहावं लागेल, आणि तिथेही ते अगदी क्षितिजाला टेकलेले. अंतर सांगायला यापेक्षा मोठं माप त्या काळच्या माणसाजवळ नव्हतंच. इंग्रज कवी मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ या १६६७च्या महाकाव्यात नरक स्वर्गापासून किती दूर ते सांगताना हेच माप वापरलं: विश्वाच्या मध्यापासून टोकाच्या ध्रुवापर्यंतच्या अंतराच्या तिप्पट. इथे अंतर मध्य ते ध्रुव असं मोजलंय, ध्रुव ते ध्रुव नाही. दोन माणसांच्या मतांना दोन ध्रुवांवर बसवणारी रचना पुढे रुळली. एकोणिसाव्या शतकात ‘पोल्स असंडर’ही चालायचं. आता ते जुनाट वाटतं.

तोवर ‘पोल’ म्हटलं की पृथ्वीचेच ध्रुव डोळ्यांपुढे येऊ लागले होते. आसावरून मोजलं तर त्यांच्यातलं अंतर सुमारे १२,७१४ किलोमीटर, पृष्ठभागावरून सुमारे २०,००० किलोमीटर. दुसरा आकडा इतका गोल कसा? १७९०च्या दशकात फ्रेंचांनी मीटर ठरवला तोच ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. गंमत अशी, की हा वाक्प्रचार रुळला तेव्हा दक्षिण ध्रुवावर माणसाचं पाऊलही पडलेलं नव्हतं. नॉर्वेचा अमुंडसेन तिथे पहिल्यांदा पोहोचला १४ डिसेंबर १९११ला.

लोहचुंबकाचे ध्रुव या गोष्टीत आणू नयेत. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम गिल्बर्टने १६००मध्ये पृथ्वीलाच मोठा चुंबक ठरवलं, त्यामुळे घोटाळा सहज होतो. पण चुंबकाचे विरुद्ध ध्रुव एकमेकांना ओढतात. ‘पोल्स अपार्ट’मध्ये ओढ नाही, फक्त अंतर आहे.

वापरताना चुका ठरलेल्या. ‘पोल’ एकवचनी चालत नाही, दोन टोकं हवीतच. नामाच्या आधी लावू नये: ‘पोल्स अपार्ट व्ह्यूज’ खटकतं, ‘देअर व्ह्यूज आर पोल्स अपार्ट’ बरोबर. आधी ‘व्हेरी’ नको, टोकाच्या पुढे आणखी टोक नसतं. विषय सांगायचा तर ‘ऑन’ येतो: ‘पोल्स अपार्ट ऑन टॅक्स’. रस्त्याचं अंतर सांगायला हा शब्द नाही. ‘पुणे अँड नागपूर आर पोल्स अपार्ट’ म्हटलं तर ऐकणारा हवामान, जेवण, बोलीतला फरक समजेल, किलोमीटर नाही. त्यासाठी साधं ‘फार अपार्ट’ पुरे.

‘वर्ल्ड्स अपार्ट’ जवळचा, पण तोच नव्हे. ध्रुव दोन असले तरी आस एक, म्हणून एकाच प्रश्नावर उलटी मतं असली तर ‘पोल्स’ शोभतं. राहणीमान, अनुभव, परिस्थिती यांचा मेळच बसत नसेल तर ‘वर्ल्ड्स’. शब्दकोश दोन्ही एकाच ओळीत देतात, तरी हा भेद पाळलेला बरा. हळूहळू दुरावलेल्या मित्रांसाठी मात्र ‘ड्रिफ्ट अपार्ट’.

मराठीत आणताना खरी पंचाईत आहे. पुराणातला ध्रुव एकच, आणि तो अढळपदाचा. लग्नात वधूवरांना ध्रुवतारा दाखवतात तो स्थिरतेसाठी, दुराव्यासाठी नव्हे. तरी ‘दोन ध्रुवांवर’ आता मराठीत सरसकट चालतं, आणि ‘दोन टोकांची मतं’ तर केव्हाही सुरक्षित. ‘जमीन-अस्मानाचा फरक’मध्ये एक वर, एक खाली अशी प्रतवारी डोकावते. ‘छत्तीसचा आकडा’ तर टाळावाच. ३६मधल्या तीन आणि सहाची एकमेकांकडे पाठ असते, म्हणून तो वैराचा. ‘पोल्स अपार्ट’ मतं असलेली दोन माणसं एका घरात सुखाने नांदू शकतात.